ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन सुर्ल्याच्या डोंगरात उतरावं का?

तुमचा बेत मला कळला तो असा: पर्वरीहून तुम्ही दोघं आणि नऊ व बारा वर्षांची मुलं, ऑगस्टचा दुसरा आठवडा. चोर्ला घाट चढून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या सुर्ल्याला गाडी लावायची, खाली वझराच्या, म्हणजे धबधब्याच्या, डोहापर्यंत उतरायचं, रात्री सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, तंबू ठोकायचा. वाटाड्या नको, कारण मोबाइलवर वाट दिसते. आणि वाघाची भीती आहे का, असंही विचारलंय. मी इथल्याच वाळपईचा, या डोंगरात पंचवीस वर्षं फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुर्ल्याला ऑगस्टमध्ये जरूर या, पण डोहाकडे उतरू नका आणि तंबू घरीच ठेवा. उतरायची हौस नोव्हेंबरात भागवा.

समुद्र इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथून आलेले ढग वाटेत कुठे अडत नाहीत, ते थेट या कड्यांवर येतात आणि वर चढता चढता रिकामे होतात. वाळपईला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सड्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पडलेलं सगळं व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळातून कड्याखाली. तुम्ही खाली उन्हात उभे असता, वर दोन डोंगरांपलीकडे कोसळलेली सर तुम्हाला दिसतही नाही, आणि थोड्याच वेळात ती तुमच्या पायाशी येते.

दहाएक वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही सहाजण अशाच एका डोहाकाठी बसलो होतो. डोक्यावर स्वच्छ ऊन. बरोबर गावातले एक काका होते, साठीचे. ते तंबाखू मळत होते, आणि मळता मळता हात थांबला. पाण्याकडे बघत राहिले. मला काहीच वेगळं दिसेना. "पाचोळा बघ," म्हणाले. धोंड्यांच्या बेचक्यात अडकलेली पानं आणि काटक्या एकेक करून सुटत होत्या. पाणी जेमतेम बोटभर चढलं होतं, रंगही बदलला नव्हता. काकांनी कुणाला पिशवीसुद्धा उचलू दिली नाही, हाताला धरून एकेकाला काठावरच्या झाडीत वर ढकललं. आम्ही दोन पुरुष उंच चढलो नसू, तोवर पाणी दुधाच्या चहासारखं झालं. ज्या धोंड्यावर आमचे डबे मांडले होते, तो धोंडाच दिसेनासा झाला. पाण्याच्या आत दगड एकमेकांवर आपटत होते; तो धडधडाट कानांआधी तळपायांना कळतो. पाणी उतरेपर्यंत तीन तास आम्ही तिथेच बसून होतो. काका नसते तर हे उत्तर लिहायला मी नसतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

म्हणून मोबाइलवरच्या वाटेवर विसंबू नका. ती वाट बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत कुणीतरी चाललेली असते. ती जिथे घोटाभर पाण्यातून व्हाळ ओलांडते, तिथे ऑगस्टात छातीभर पाणी असतं. शिवाय दरीत उतरलात की रेंज जाते, आणि गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांना इतक्या ठिकाणी फाटे फोडतात की धुक्यात गावातल्या माणसालासुद्धा थांबून अंदाज घ्यावा लागतो. वाटाड्या गावातलाच घ्या. पैसे आधी ठरवा, मोकळ्या हाताने द्या, आणि तो "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. त्या नकारासाठीच तर त्याला बरोबर घ्यायचं.

तंबूचं म्हणाल तर हा बराचसा भाग १९९९ साली जाहीर झालेल्या म्हादई अभयारण्याचा आहे, २०८ चौरस किलोमीटरचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, मग मुक्काम तर दूरच. २०२३ च्या जुलैत तिकडे दक्षिण गोव्यात, नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी वझरावर दोघं बुडाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पुढे काही ठिकाणं परवान्याने खुली झाली. त्या आठवड्यात काय चालू, काय बंद, हे निघण्याआधी वाळपईच्या वन कार्यालयात विचारून घ्या. रात्री गावात कुणाच्या घरी राहता आलं तर फार बरं. गरम पेज आणि चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या), पावसाळ्यात त्यावर दुसरं काही नको वाटतं.

मग ऑगस्टमध्ये करायचं काय? सुर्ल्याहून समोरच्या कड्यावरून पडणारा लाडकेचा वझर काठाच्या आत उभं राहून बघा. पोचताच धुक्याने काही दिसलं नाही तर लगेच परतू नका. तासभर थांबा, पडदा फाटतो आणि अख्खी दरी एकदम समोर येते. मुलांना मात्र मी सड्यावरच नेईन. वरून नुसतं ओलं, काळं, उघडं माळरान वाटतं. ओणवं होऊन बघा: नखाएवढी निळी-जांभळी फुलं दिसतील, सीतेची आसवं. ही कीटकभक्षी वनस्पती. ओल्या मातीत तिला टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात, पाण्यातला बारीक जीव त्यांना लागला की फुगा उघडून त्याला आत ओढतो. बारा वर्षांच्या मुलाला एक भिंग द्या, तो तासभर हलणार नाही. बाजूला पांढरे गेंद, म्हणजे गोल गोंड्यांसारखी फुलं, असतील. त्यांच्यावर पाय पडू देऊ नका, कातळाच्या धारेने चाला. रात्री अंगणात दिवा मालवून बेडूक ऐका. याच डोंगरपट्ट्यात सापडलेल्या एका देवगांडुळाला शास्त्रज्ञांनी नावच म्हादईचं दिलंय. दिसायला गांडूळ, पण पाठीला कणा असलेला, बेडकाच्या गोतातला जीव.

नोव्हेंबरात आलात तर बांबरची निरंकाराची राय चुकवू नका. देवाच्या नावाने राखलेलं छोटंसं रान, पण तिथे रानजायफळाची झाडं बारमाही दलदलीत उभी आहेत. चिखलातून त्यांची मुळं गुडघा दुमडल्यासारखी वर येतात आणि परत चिखलात जातात. पाण्याखाली हवा मिळत नाही म्हणून झाडाने काढलेली ही युक्ती. अशी दलदल गोव्यात फार थोड्या जागी उरलीय. चिखलात शिरू नका, एका पावलाने खालची रोपं जातात. पानही तोडू नका. तिथे आवाज आपोआप खाली येतो, मुलांचासुद्धा.

वाघ आहेत. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, ती आठवण सत्तरीत अजून बोचते. पण तुम्हाला वाघ दिसणं जवळजवळ अशक्य, तो तुम्हाला टाळतो. जपायचं ते गव्याला आणि अस्वलाला. गवा वाटेत उभा असेल तर जागच्या जागी थांबा, मग हळूहळू मागे या, फोटोसाठी पुढे जाऊ नका. अस्वलाशी माणसांची अचानक गाठ पडल्याच्या घटना काजूच्या दिवसांत सत्तरीत होतात. तेव्हा बोलत, काठी आपटत चालायचं.

जळवांना घाबरू नका. मोजे पँटवर ओढा, लागली तर ओढून तोडू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, सुटते. बूट रबरी, खोल नक्षीच्या तळव्याचे. गुळगुळीत झालेला तळवा शेवाळावर टिकत नाही. वर पेट्रोल पंप नाही, टाकी साखळीलाच भरा.

गोचीड मात्र हलक्यात घेऊ नका. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळलेत, आणि तो गोचिडीपासून होतो. काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे तुमची सहल नोव्हेंबरच्या पुढे लांबली तर तुम्ही त्याच दिवसांत येता. पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच परत फिरा आणि वनखात्याला कळवा. घरी पोचल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आणि मुलांच्या कानांमागे, काखेत, गुडघ्यांच्या खोबणीत स्वतः तपासा. पुढच्या आठवडाभरात कुणालाही एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर घरगुती औषधावर दिवस काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की आम्ही सत्तरीच्या रानात जाऊन आलोय.