बोलणारा एआय आपलं वाक्य मध्येच का तोडतो? माणसांना कसं कळतं समोरच्याचं संपलं ते?

तुम्ही विचारलंय की फोनवरचा बोलणारा एआय एकतर आपलं बोलणं संपायच्या आत सुरू होतो, नाहीतर आपण बोलून मोकळे झालो तरी ताटकळत ठेवतो; मग दोन माणसांना हे कुणी न शिकवता कसं जमतं?

मी तंत्रज्ञ नाही. पण गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं आणि गेली बारा वर्षं मी विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंग करते. नट मध्येच गप्प झाला की क्षणात ठरवावं लागतं, हा थांबलाय की विसरलाय? थांबलेल्याला शब्द दिला तर त्याचा प्रसंग मोडतो. विसरलेल्याला नाही दिला तर नाटक पडतं. तुमच्या एआयची अडचण नेमकी हीच आहे, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

आधी घरचा अनुभव सांगते. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गेल्या पावसाळ्यात एका सेवेची तक्रार नोंदवायला तिने फोन लावला, तिकडे यंत्राचा आवाज. मराठीत बोलत होता, गोडही होता. त्याने दहा आकडी ग्राहक क्रमांक विचारला. आई म्हणाली, "लिहा हां... नऊ, चार, शून्य..." आणि चष्मा सारखा करून बिलावरचे पुढचे आकडे शोधू लागली. तेवढ्यात, "क्षमा करा, क्रमांक चुकीचा आहे." तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या वेळी तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माझंच बोलणं आता कुणाला कळत नाही." मला तेव्हा फार वाईट वाटलं. तिच्या बोलण्यात काहीही चूक नव्हती.

झालं होतं ते असं. यंत्र आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात बोलणं आहे की नाही एवढंच बघतं. शांतता ठरावीक वेळ, बहुधा अर्धा ते एक सेकंद टिकली, की ‘बोलणं संपलं’ असं धरतं. मग आवाजाचे शब्द करायचे, शब्दांवरून उत्तर तयार करायचं, उत्तराचा पुन्हा आवाज करायचा. प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि तो साचत जातो. थांबायची मुदत कमी केली तर यंत्र माणसाला तोडतं, वाढवली तर माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. एकाच आकड्याने दोन्ही दुखणी बरी होत नाहीत, कारण आपण स्वतःच्या वाक्यात मध्ये घेतो तो विराम पुष्कळदा दोन माणसांच्या बोलण्यातल्या फटीपेक्षा लांब असतो. नुसती शांतता मोजून ‘श्वास घेतोय’ आणि ‘संपलं’ यांतला फरक कळणारच नाही.

माणसं शांतता मोजत नाहीत. १९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तीन अमेरिकी अभ्यासकांनी दाखवलं की ऐकणारा समोरच्याचं वाक्य कुठे पूर्ण होऊ शकतं याचा अंदाज आधीपासूनच बांधत असतो. २००९ मध्ये दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हो-नाही उत्तराच्या प्रश्नानंतर पुढचा माणूस बोलू लागेपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी सगळ्यांत चपळ निघाली, डॅनिश सगळ्यांत सावकाश, तरी तीही अर्ध्या सेकंदाच्या आतच. आता गंमत बघा. चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव तोंडातून निघायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत शिजत असतं, आणि त्याचा शेवट येताना दिसला की आपण ते सोडतो.

आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, तरी अंदाज चुकत नाही. जपानीतही ते शेवटीच येतं. "मी म्हापशाला गेले, तर..." इथे ‘तर’ आला की कितीही वेळ गेला तरी कुणी तोंड उघडत नाही. "जाऊन..." म्हटलं की पुढे काहीतरी येणार हे पोराटोरालाही कळतं. उलट ‘ना?’, ‘नाही का?’, ‘हो की नाही?’ म्हणजे चेंडू समोरच्याच्या हातात. "तो आला होता, तो आपला..." असं अडखळून आपण वर बघितलं तर ती मदतीची हाक असते, तिथे दुसऱ्याने नाव पुरवलं तर त्याला कुणी मध्ये बोलणं म्हणत नाही. सूरही आहेच. आणि श्वास. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या दिग्दर्शक काकांनी मला सांगितलं होतं, "बाय, तोंडाकडे बघू नको, छातीकडे बघ. विसरलेल्याचा श्वास अडकतो, थांबलेला श्वास घेतो." आजही मी पुस्तकावर बोट ठेवून छातीच बघते.

दुसरी अडचण तितकीच मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: आपला ‘हं’. आमच्या सोप्यावर संध्याकाळी चार बाया बसल्या की सांगणारी एक आणि ‘हं’, ‘अगो बाई’, ‘मागीर?’ (म्हणजे ‘मग?’) म्हणणाऱ्या तीन. या हुंकारांनी कुणी कुणाची पाळी घेत नाही, उलट ‘तू सांग’ म्हणून तिला धीर देतात. ते बंद झाले तर सांगणारी विचारते, "ऐकतेस ना गो?" साध्या यंत्राला मात्र कुठलाही आवाज म्हणजे अडवणूक वाटते. आई सवयीने ‘हं’ म्हणाली की ते गप्प होई आणि आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरी.

सुधारणा होते आहे. आवाज-शब्द-आवाज ही साखळी तोडून थेट आवाजावर चालणारी मॉडेल्स आली. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना सरासरी ३२० मिलिसेकंदांत उत्तर मिळतं असं सांगितलं. त्याच वर्षी क्यूताय या फ्रेंच प्रयोगशाळेचं मोशी आलं. ते बोलत असतानाही सतत ऐकत राहतं, त्यामुळे ‘आता तुझी, आता माझी’ अशी कडक वाटणी त्यात नाही. पण नुसता वेग पुरेसा नाही असं माझं ठाम मत आहे. चटकन बोलणारा प्रॉम्प्टर चांगला प्रॉम्प्टर नसतो. गोव्यातला माणूस एका वाक्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी बोलतो. त्याच्या वाक्याचा शेवट ओळखायचा तर असं बोलणं पुष्कळ ऐकलेलं असायला हवं.

तोवर तुम्ही एवढं करून बघा. विचार करायला थांबायचं असेल तर रिकामं थांबू नका, ‘आणिऽऽ’ किंवा ‘म्हणजेऽऽ’ लांबवा. यंत्र बोलत असताना ‘हं’ आवरा. स्पीकरऐवजी इअरफोन लावा, म्हणजे त्याचाच आवाज त्याच्या माइकमध्ये परत जाणार नाही. आईला मी क्रमांक वहीच्या पानावर ठळक लिहून दिलाय, तो ती एका दमात वाचते.

आणि हे वाचणारं कुणी अशा सेवा तयार करत असेल तर एक विनंती. दहा आकडी क्रमांक विचारलात ना, मग तीन आकड्यांवर माणसाचं बोलणं संपलेलं असूच शकत नाही. उरलेले सात येईपर्यंत थांबा, मध्ये फार वेळ गेला तर हळूच ‘हं’ म्हणा. आई पुढचे सांगेल.