पंचाण्णव पैसे पोचतात, पण पुढे काय होतं?

प्रश्न : ताई, मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. बँकेतून निवृत्त झालो आहे. दरवर्षी ५० हजार रुपये मुलांच्या शिक्षणासाठी द्यायचं ठरवलंय. एक संस्था येऊरच्या पाड्यांवर दप्तरं, वह्या वाटते. रुपयातले ९५ पैसे थेट मुलांपर्यंत जातात, असं तिच्या पत्रकात आहे. दुसरी कळव्याच्या वस्तीत संध्याकाळचे वर्ग घेते, पण तिचा बहुतेक खर्च पगारांवर जातो. कुणाला द्यावेत?

उत्तर : काका, पगाराचा आकडा बघून दुसरीवर काट मारू नका. वर्ग चालवायचे तर शिकवणाऱ्या बायकांचा पगार हाच मुख्य खर्च असणार. ट्रस्टांचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. ताळेबंदात पैसा कुठे गेला ते कळतं, मुलाला वाचता आलं की नाही ते कळत नाही. करसवलतीच्या पावतीचंही तेच.

दोघांनाही विचारा : तुम्ही नसता तर या मुलांचं काय झालं असतं? शाळेतून दप्तर आधीच मिळालं असेल, तर दुसऱ्या दप्तराने काय साधणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने हा प्रश्न स्वतःलाच विचारला. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं ३९ गावांत, आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांतल्या नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेतल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

छोट्या संस्थेकडे एवढा अभ्यास मागू नये. पण एक वही मागाच : जूनमध्ये कुणाला किती वाचता येत होतं आणि मार्चमध्ये किती. ‘प्रथम’ ही संस्था मुलांना किती वाचता येतं ते तपासते; तिच्या त्या ‘असर’ पाहणीत मुलासमोर एक साधा कागद ठेवतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठे अडतं ते लगेच दिसतं. वहीत मधेच वर्ग सोडून गेलेल्या मुलांची नावं आहेत का, तेही बघा. फक्त टिकलेल्यांचीच प्रगती दाखवली, तर आकडे फुगणारच.

माझं मत कळव्याच्या बाजूने आहे, पण ते वहीवर अवलंबून. आत्ता निम्मे द्या, उरलेले मार्चची वही बघून. वहीच नसेल, तर ती ठेवायला काय खर्च येईल ते विचारा आणि पहिली देणगी त्यासाठीच द्या.