‘वन्स इन अ ब्लू मून’ वाक्यात कसं वापरायचं? आधी कपिलाषष्ठी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न असा की, ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे ‘क्वचित’ हे पाठ आहे, तरी वाक्यात घातलं की सर लाल रेघ मारतात, ते का? मी कोल्हापुरात राजारामपुरीत चौदा वर्षं इंग्रजीचे क्लास घेतोय, म्हणजे असल्या लाल रेघा मारणाऱ्यांतलाच एक. माझ्याकडं आलेली दोन वाक्यंच सांगतो.

एक: ‘यस्टरडे माय अंकल केम वन्स इन अ ब्लू मून.’
दुसरं: ‘किरणोत्सव हॅपन्स वन्स इन अ ब्लू मून.’

दोन्ही चूक. पण चुकांची जात वेगळी आहे.

पहिल्या वाक्यात मुलाचं इंग्रजी कच्चं नाही, त्याचं मराठी पक्कं आहे. बऱ्याच दिवसांनी काका दारात उभे राहिले की आपण म्हणतो, “या या, आज कसा काय कपिलाषष्ठीचा योग!” भाद्रपद वद्य षष्ठी, त्यात मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात आणि सूर्य हस्तात, एवढं सगळं एकदम जुळलं तर कपिलाषष्ठी. म्हणून तो ‘योग’, आणि योग ‘येतो’. त्या एका दिवसाबद्दल, त्या एका येण्याबद्दल आपण ते बोलतो. इंग्रजी वाक्प्रचार तसा नाही. तो ‘कितीदा?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. काका कितीदा येतात? ‘माय अंकल व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून.’ सवयीची गोष्ट, म्हणून साधा वर्तमानकाळ. काल आले हेही सांगायचंच असेल तर दोन्ही कामं वेगळी करा: ‘माय अंकल, हू व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून, केम यस्टरडे.’ भूतकाळ चालत नाही असं नाही. ‘माय ग्रँडफादर वेंट टू द थिएटर वन्स इन अ ब्लू मून’ हे बरोबर आहे, कारण ती आजोबांची सवय होती, एका दिवसाची हकीकत नव्हे.

यावर मी पोरांना एक सोपी परीक्षा दिली आहे. ‘वन्स इन अ ब्लू मून’ काढा आणि तिथं ‘एव्हरी संडे’ घाला. ‘माय अंकल व्हिजिट्स अस एव्हरी संडे’ उभं राहतं. ‘यस्टरडे माय अंकल केम एव्हरी संडे’ जागेवर कोसळतं. जिथं ‘एव्हरी संडे’ बसत नाही तिथं ब्लू मूनही बसवू नका.

आता किरणोत्सव. या वाक्याचं व्याकरण चोख आहे, अर्थ फसलाय. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख, त्यामुळं मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत गाभाऱ्यात येतात. परंपरेनं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मग ९, १०, ११ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मूर्तीचा मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख. तारखा ठरलेल्या, वर्षातून दोनदा. ज्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवता येते त्याला ब्लू मून म्हणत नाहीत, ते कितीही दुर्मिळ वाटो. ‘ट्वाइस अ इयर’ म्हणा, संपलं. जोतिबाच्या चैत्र यात्रेलाही हेच लागू.

पंचगंगेच्या महापुराला तर हा वाक्प्रचार मी लावूच देत नाही. एक तर २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै बघितल्यावर तो पूर ‘क्वचित’ येतो असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार? आणि या शब्दांचा सूर हलकाफुलका आहे. हॉटेलात जाणं, व्यायाम करणं, भावानं फोन करणं, असल्या गोष्टींना तो शोभतो. दुःखाच्या जागी ‘रेअरली’ बरं.

फोनवरनं आठवलं. ‘ही डझन्ट कॉल मी वन्स इन अ ब्लू मून’ असं हमखास लिहिलं जातं, कारण मनात चाललेलं असतं, “वर्षातनं एकदा पण फोन करत नाही.” नकार मराठीतनं आला. इंग्रजीत ‘ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून’, बस. नाही-पणा त्या शब्दांतच आहे. आणि “काय भावा, उंबराचं फूल झालास!” हे आपण माणसाला म्हणतो, म्हणून ‘यू हॅव बिकम अ ब्लू मून’ करू नका. तो माणसाला लागत नाही.

बारीकसारीक: ‘अ ब्लू मून’च, ‘द’ नाही. जागा शक्यतो वाक्याच्या शेवटी. सुरुवातीला घेतलं तर पुढचा क्रम बदलत नाही: ‘वन्स इन अ ब्लू मून ही कुक्स.’ पण आधी ‘ओन्ली’ लावून सुरुवात केलीत तर बदलतो: ‘ओन्ली वन्स इन अ ब्लू मून डझ ही कुक.’ स्पर्धा परीक्षांच्या पोरांनी हे शेवटचं वाक्य वहीत उतरून घ्या. नामाच्या आधी विशेषण म्हणून वापरलं तर मधे छोट्या रेघा: ‘अ वन्स-इन-अ-ब्लू-मून ऑफर’.

चंद्र खरंच निळा होतो का, हे प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. क्वचित होतो; १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा हवेतल्या राखेमुळं तो निळसर दिसला होता. एका इंग्रजी महिन्यात दुसऱ्यांदा येणाऱ्या पौर्णिमेला ‘ब्लू मून’ म्हणतात, तो अर्थ मात्र अलीकडचा. १९४६ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकात एका जुन्या पंचांगाचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि तीच चूक पुढं रूढ झाली. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. मला यात मजा वाटते ती वेगळीच: या दुसऱ्या पौर्णिमेचं आणि आपल्या धोंड्याच्या महिन्याचं मूळ एकच. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी आखूड, तो फरक साठत जातो, आणि १९ वर्षांत ७ अधिक मास येतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, आणि त्याच ऑगस्टात दोन पौर्णिमा आल्या. पण म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे ‘अडीच-पावणेतीन वर्षांनी’ असा हिशेब घालू नका. बोलताना कुणी मोजत नाही.

अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये तो वापरूच नका. माझा एक जुना विद्यार्थी एका बँकेत लागला. त्यानं रजेच्या अर्जात लिहिलं, ‘आय टेक लीव्ह वन्स इन अ ब्लू मून.’ वाक्य एकदम बरोबर, मीच शिकवलेलं. साहेबांनी ते सगळ्या स्टाफला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग सही केली. रजा मिळाली. पण तेव्हापासून शाखेत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘ब्लू मून’च म्हणतात. माणसाला लागत नाही असं मी वर लिहिलंय खरं, पण कोल्हापूरकरांना कोण सांगणार?