नदीत सांडपाणी सोडायची परवानगी कंपन्यांना कोण देतं आणि गावातल्या लोकांना त्यावर लक्ष ठेवता येतं का?

ठेवता येतं. फक्त फेसाचे फोटो ग्रुपवर फिरवायच्या आधी एक कागद हातात घ्यावा लागतो, तो म्हणजे त्या कंपनीचा कन्सेंट, म्हणजे सांडपाणी सोडायची परवानगी आणि तिच्या अटी. तुम्ही लिहिलंय की गावाच्या वरच्या अंगाला एमआयडीसी आहे, ओढ्याला मधूनमधून रंगीत पाणी येतं, ग्रामपंचायतीनं तक्रार केली की बोर्डाचे साहेब येऊन बाटली भरून नेतात आणि पुढं काय झालं ते कुणालाच कळत नाही. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या कुणालाही हे पाठ आहे. मी शिरोळ तालुक्यातला, आणि काही वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात एका प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, केमिस्ट होतो, त्यामुळे पाणी सोडणाऱ्यांची बाजूही बघितलीय आणि ते पाणी ज्यांच्या दारात येतं त्यांचीही.

परवानगी देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी, १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २५ खाली. कारखाना उभा करायच्या आधी एक कन्सेंट आणि चालू करताना दुसरा, मग मुदत संपली की रिन्यूअल. आता इथं बहुतेकांचा घोळ होतो. लोक म्हणतात आमच्याकडं जनसुनावणी झाली होती की, तेव्हा आम्ही विरोध केला होता. ती जनसुनावणी पर्यावरण मंजुरीची असते, २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामाचं मूल्यांकन) अधिसूचनेखालची, ती सगळ्या उद्योगांना लागत नाही आणि एमआयडीसीच्या आत बसलेल्या युनिटला तर बऱ्याचदा लागतच नाही. कन्सेंटला मात्र जनसुनावणी नावाचा प्रकारच नाही. उलट बोर्डानं चार महिन्यात काहीच कळवलं नाही तर कन्सेंट मिळाला असं धरायची सोय कायद्यातच आहे, आणि ठराविक अटीत बसणाऱ्या युनिटचं रिन्यूअल तर स्वयंघोषणेवर आपोआप होतं. म्हणजे नदीत रोज किती घाण जाणार हे ज्या कागदावर ठरतं त्यावर नदीकाठच्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मला विचाराल तर कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे, बाकी दंड कमी की जास्त हे नंतरचं.

पण त्याच कलम २५ मधलं पोटकलम ६ वाचा. प्रत्येक राज्य मंडळानं कन्सेंटच्या अटींचं रजिस्टर ठेवायचं आणि त्या आउटलेटशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला त्याचा त्रास होतो अशा कुठल्याही माणसाला, किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला, ते बघू द्यायचं, असं सरळ लिहिलंय. ही तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. उप-प्रादेशिक कार्यालयात अर्ज देताना हे कलम नावानिशी लिहा, म्हणजे 'तुमचा काय संबंध' हा प्रश्न तिथंच संपतो. बरेच कन्सेंट बोर्डाच्या वेबसाईटवर पीडीएफ म्हणून पण मिळतात, आधी तिथं शोधा. नाहीच मिळाले तर माहिती अधिकार, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, पण महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरनंच अर्ज परत येतो. एका कंपनीला एक अर्ज करा.

कन्सेंट हातात आला की पहिलं पान बघून ठेवून देऊ नका. पहिल्या पानांवर मुदत आणि उत्पादनांचा तक्ता असतो, कुठला माल महिन्याला किती टन. त्यानंतर पाण्याचा तक्ता येतो, त्यात सांडपाणी दिवसाला किती घनमीटर, कारखान्याचं किती, संडास-कॅन्टीनचं किती, आणि ते जाणार कुठं. ही शेवटची ओळ सोन्याची आहे. तिथं 'सीईटीपीला' (सगळ्या कारखान्यांच्या सामाईक शुद्धीकरण प्लांटला) असं लिहिलं असेल किंवा 'शंभर टक्के पुनर्वापर' किंवा 'स्वतःच्या जमिनीवर बागेला' असं असेल, तर ओढ्यात एक थेंब जरी दिसला तरी तो अटीचा भंग आहे, मग त्याचा बीओडी किती न् सीओडी किती (घाण जिरवायला किती ऑक्सिजन लागेल त्यावरनं ती मोजणारे आकडे) हा वाद घालायची गरजच उरत नाही. आपल्याकडचे लोक आणि कधीकधी पत्रकारसुद्धा त्या आकड्यांच्या वादात शिरतात आणि तिथं कंपनीचा कन्सल्टंट त्यांना गारद करतो.

शेवटी शेड्यूल ३ असतं, बँक गॅरंटीचं. कंपनीनं कुठल्या कामासाठी किती रकमेची गॅरंटी दिलीय, आणि महत्त्वाचं म्हणजे आधी कधी जप्त झालीय का. ती जप्त झाली असेल तर बोर्डानंच एकदा मान्य केलंय की इथं गडबड आहे. ग्रामसभेत वाचून दाखवायला याच्यासारखा कागद नाही.

आता आकड्यांचं बोलतो, कारण तुम्ही विचारलंय की 'मर्यादेत आहे' म्हणतात म्हणजे नेमकं काय. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला साधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर अशा असतात. दिवसाला ५०० घनमीटर पाणी सोडणारा कारखाना सीओडी २५० नं सोडत असेल तर तो सगळे नियम पाळून रोज सव्वाशे किलो सीओडी नदीत घालतोय. पावसाळ्यात नदीला ते कळणार पण नाही. पण एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, पाणी हलत नाही, वर केंदाळ (जलपर्णी), त्यात हे येऊन साचत राहतं, आणि तेरवाड बंधाऱ्याला मासे मेले म्हणून बातमी येते. नदीत आंघोळीला लायक पाणी धरायचं तर बीओडी ३ च्या आत पाहिजे, आणि वाहतं पाणीच नसलं तर ३० चं पाणी पातळ कशानं होणार? म्हणून प्रत्येक कंपनीचं घनमीटर गुणिले मर्यादा असं करून तुमच्या ओढ्यावरच्या सगळ्यांची बेरीज मांडा. प्रत्येक कन्सेंट सुटासुटा बघितला तर छान दिसतो, ही बेरीज कुणीच करत नाही. कलम २७ प्रमाणे बोर्डाला कन्सेंटच्या अटींचा फेरविचार करता येतो, तेव्हा 'उन्हाळ्यात विसर्ग बंद किंवा निम्मा करा' अशी मागणी या बेरजेच्या जोरावर करता येते.

बाटलीचं म्हणाल तर बोर्डाच्या भाषेत त्याला जेव्हीएस म्हणतात, जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल. कोर्टात टिकणारं सॅम्पल वेगळं, ते कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, दोन भाग करून, दोघांच्या सहीनं सील करून घ्यायचं असतं. तुमच्या बाटलीवर खटला उभा राहणार नाही, हे खरं, पण लक्ष ठेवायला ती पुरते. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएचच्या पट्ट्या घ्या, ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या जागेला ठरवून रीडिंग घ्या, वहीत तारीख-वेळ लिहा, रात्रीचं पण. बिघडलेलं पाणी बहुतेक शनिवारी रात्री, सुट्टीला आणि पहिल्या मोठ्या पावसात येतं, आणि सॅम्पल घेणारे येतात कामाच्या दिवशी साडेअकराला. तुमच्या वहीत हा पॅटर्न दिसला की 'रात्री या' असं तारीखवार सांगता येतं. आणि बोर्डाकडं मागच्या तीन वर्षांचे सगळे जेव्हीएस रिपोर्ट मागताना सॅम्पल नेमकं कुठनं घेतलं ते विचारा, ईटीपीच्या तोंडाशी का कुंपणाबाहेरच्या नाल्यात, कारण ईटीपीच्या तोंडाशी नेहमीच चांगलं येतं, मी स्वतः आणून दाखवायचो.

आणखी एक गोष्ट, ही ईटीपीवर काम केलेल्यालाच सुचते. पाणी खरोखर शुद्ध केलं तर गाळ निघतोच. चुना, फेरस, पॉली ही रसायनं घातली की टाकीच्या तळाला स्लज बसतो, तो वाळवून घातक कचरा म्हणून रांजणगावसारख्या विल्हेवाटीच्या ठिकाणी पाठवायचा, त्याचं मॅनिफेस्ट (कचरा कुठनं कुठं गेला त्याचा कागद) भरायचं. शिवाय दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत कंपनीला बोर्डाकडं पर्यावरण विवरणपत्र द्यावं लागतं, फॉर्म ५. त्यात पाणी किती वापरलं, माल किती काढला, घातक कचरा किती निघाला सगळं असतं. कन्सेंटमध्ये पाणी भरपूर, फॉर्म ५ मध्ये उत्पादन भरपूर आणि स्लज मात्र वर्षाला चार पोती, असं दिसलं तर ट्रीटमेंट कागदावरच चाललीय. ईटीपीचा खर्च म्हणजे केमिकल आणि ब्लोअरची वीज, आणि मंदी आली की मालक पहिल्यांदा तिथंच हात आखडता घेतो. यासाठी ना लॅब लागते ना रात्री ओढ्यात उतरावं लागतं, तिन्ही कागद समोरासमोर ठेवले की झालं.

एक कटू गोष्ट पण सांगून ठेवतो, सगळं कंपन्यांवर ढकलू नका. इचलकरंजीत काळ्या ओढ्याचं रंगीत पाणी सगळ्यांना दिसतं, पण २०१२ ला जी काविळीची साथ आली आणि माणसं दगावली ती पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळं. कोल्हापुरातनं जयंती नाल्याचं काय येतं तेही आम्हाला माहीत आहे. शहराच्या सांडपाण्याला पण बोर्डाचा कन्सेंट लागतो, तोही मागा. नाहीतर सुनावणीला गेलं की कंपनीवाले नगरपालिकेकडं बोट दाखवतात, नगरपालिका साखर कारखान्याकडं आणि दिवस मावळतो.

तक्रारीला दाद मिळत नसेल तर पुढं काय? बोर्डाकडं कलम ३३अ आहे, त्याखाली कारखान्याची वीज आणि पाणी तोडता येतं. बोर्ड हलत नसेल तर कलम ४९ प्रमाणे कुठलाही माणूस साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो, आणि अशा माणसानं मागितले तर बोर्डानं आपल्याकडचे रिपोर्ट त्याला द्यायचे असतात. नुसती नोटीस गेली तरी ऑफिसात फाईल हलते. नाहीतर एनजीटी, म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, त्याचं खंडपीठ पुण्यातच आहे, भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. पण कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्याच्या आत जावं लागतं, नुकसानभरपाईला पाच वर्षं, तेव्हा 'बघू पुढच्या ग्रामसभेत' करत बसू नका.

हे कुणी करून दाखवलंय का? तारापूरच्या मच्छीमारांनी. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं तिथल्या एमआयडीसीच्या आणि सीईटीपीच्या सांडपाण्याविरुद्ध एनजीटीत अर्ज केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं शंभराच्या वर कंपन्यांना आणि सीईटीपीला पर्यावरण भरपाई लावली. तामिळनाडूत नोय्यल नदीच्या खालच्या शेतकऱ्यांनी तिरुप्पूरच्या डाईंगवाल्यांना कोर्टात खेचलं, शेवटी २०११ ला मद्रास हायकोर्टानं तिथल्या शेकडो डाईंग युनिटना कुलपं लावायला लावली, सांडपाणी बाहेर सोडायचं पूर्ण बंद होईपर्यंत. दोन्हीकडं बरीच वर्षं गेली आणि दोन्हीकडं उभी राहिली ती पोटाला चिमटा बसलेली संघटना. आणि २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ऑनलाईन मॉनिटरिंगचे आकडे लोकांना दिसतील असे ठेवा. तुमच्या एमआयडीसीच्या गेटवर असे आकडे दाखवणारा डिजिटल फलक आहे का आणि चालू आहे का ते येता-जाता बघा, बंद असेल तर तारीख घालून फोटो काढा. हा फोटो मात्र कामाचा.

गावात समिती करायची म्हणताय, करा, पण त्यात कंपनीत कामाला जाणारी पोरं असतीलच, त्यांना सह्या करायला लावू नका. त्यांची नोकरी जाते आणि मग अर्धं गाव समितीच्या विरोधात जातं. अर्जावर ज्यांच्या विहिरी खराब झाल्यात, ज्यांची जनावरं त्या पाण्यावर आहेत अशा पाचसहा जणांची नावं आणि ग्रामसभेचा ठराव पुरे. पर्यावरण मंजुरी घेतलेली कंपनी असेल तर मंजुरीची प्रत तिनं ग्रामपंचायतीला दिलेली असायला पाहिजे आणि ग्रामपंचायतीनं ती तीस दिवस लावायला पाहिजे, तेव्हा आधी आपल्याच ग्रामसेवकाला दप्तर उघडायला सांगा. बऱ्याच वेळा कागद तिथंच असतो.

आत्ता एवढंच करा, ओढ्यावर सगळ्यात जवळ असलेल्या दोन कंपन्यांचे कन्सेंट काढा, मुदत कधी संपते ते बघा. ती संपायच्या तीन-चार महिने आधी उप-प्रादेशिक अधिकाऱ्याला ठराव, वहीतली रीडिंग आणि 'रिन्यूअल करताना हे विचारात घ्या' असं पत्र देऊन पोच घ्या. कायद्यात तुम्हाला बोलवायचं बंधन नाही, पण आलेला लेखी आक्षेप फाईलला लागला की त्याच्याकडं काणाडोळा करून सही करणं साहेबाला जड जातं. पाण्याच्या तक्त्यातली ती 'कुठं जाणार' वाली ओळ काय आहे ते इथं कमेंटमध्ये टाका, मग पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.