सोळा रुग्ण पुरेसे ठरले

प्रिय डॉक्टर,

तुझा थीसिसचा प्रस्ताव वाचला. ‘कवटीच्या तळाच्या गाठी: आमच्या विभागाचा दहा वर्षांचा अनुभव’ हे शीर्षक आधी खोड. कॉर्डोमा, मेनिन्जिओमा, श्वानोमा, क्रॅनिओफॅरिन्जिओमा सगळ्यांना तू एकाच तक्त्यात बसवलंयस. या गाठींत सारखं काय, तर फक्त पत्ता. कॉर्डोमा गर्भातल्या पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड) उरलेल्या पेशींतून येतो, मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून, श्वानोमा नसेच्या वेष्टनातून. त्यांची सरासरी काढून कोणाला काय कळणार?

रुग्ण फार थोडे मिळतात, म्हणून सगळे एकत्र केले असं तू लिहिलंयस. २०२३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पॅपिलरी क्रॅनिओफॅरिन्जिओमा या पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीवरचा अभ्यास आला, त्यात रुग्ण होते १६. वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब ही औषधं दिली आणि १५ जणांची गाठ आक्रसली, तीही थोडीथोडकी नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, पण ही गाठ आपण होऊन एवढी लहान होत नाही, त्यामुळे निकाल पटतो. सोळा जण पुरेसे ठरले याचं कारण मात्र आधीच्या कामात आहे. या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत बीआरएएफ जनुकाचा एकच ठरावीक बदल असतो, हे २०१४ मध्ये कळलं होतं. औषध तर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी तयारच होतं! शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे कोणीतरी नीट जपून ठेवले, म्हणून हे जमलं. आपल्याकडे तुकडा ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकवरचा नंबर आणि केसपेपरवरचा नंबर जुळला तरी मी खूश होतो.

प्रश्न वेगळा असला की गणितही बदलतं. कानाच्या नसेचा लहान श्वानोमा सापडला, तर लगेच गॅमा नाइफ (गाठीवर नेमके रोखलेले किरण) द्यायची की थांबून एमआरआय करत राहायचं? नॉर्वेत १०० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून निम्मे-निम्मे वाटले आणि चार वर्षं पाहिलं. गॅमा नाइफवाल्यांच्या गाठी सुरुवातीच्या ०.८७ पट झाल्या, थांबलेल्यांच्या १.५१ पट. फिल्म पाहणारा इथेच निकाल देऊन टाकेल. पण थांबलेल्या ५० पैकी २८ जणांना त्या चार वर्षांत कोणताच उपचार लागला नाही, आणि ऐकू येणं, तोल, रोजचं जगणं यांत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. तुझ्या प्रस्तावात मोजायला ठेवलंयस ते ‘किती टक्के गाठ काढली’ एवढंच. ते सर्जनचं प्रगतिपुस्तक झालं.

आपल्याकडे श्वानोमा येतो तोच मोठा होऊन, म्हणून नॉर्वेचा प्रश्न जसाच्या तसा उचलू नकोस. तुझा प्रश्न असा ठेव: मोठ्या श्वानोमात चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला गाठीचा पातळ थर मुद्दाम सोडला, तर वर्षभरानंतर चेहरा कसा असतो? चेहऱ्याची हालचाल मोजणारी हाउस-ब्रॅकमन श्रेणी लिहीच, पण डोळा पूर्ण मिटतो का, चूळ भरताना पाणी ओघळतं का, हेही विचार. सोडलेला थर वाढला का, ते वर्षात कळत नाही. तू पास होऊन गेल्यावर ही रुग्णांची नोंदवही पुढच्या रेसिडेंटकडे जायला हवी, तसं आत्ताच लिहून ठेव. जीवनमानाची प्रश्नावली इंग्रजीतून तोंडी भाषांतर करत विचारायची नाही. मराठीत तपासलेली मिळाली नाही, तर ते काम आधी.

रुग्णाचे दोन फोन नंबर घे, एक घरच्याचा आणि एक गावातल्या कोणाचा तरी. हिंगोलीहून एमआरआयसाठी परत येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. तो आला नाही की आपण ‘फॉलोअप नाही’ असं लिहून मोकळे होतो. न आलेल्यांत बरे किती आणि बिघडलेले किती, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. समाजसेवा अधीक्षकांना प्रस्तावात आत्ताच सामील करून घे.

कॉर्डोमाचा मोह सोड. वर्षाला दहा लाखांत साधारण एक रुग्ण, तुझ्या तीन वर्षांत हाताला किती लागणार? पण जो येईल त्याची संमती घेऊन तुकडा उणे ८० अंशांत ठेव आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन किरणोपचाराबद्दल विचारणा कर. तिथे २०२३ पासून ती सोय आहे.

नवा मसुदा दोन पानांत आण. एथिक्स कमिटीची बैठक महिनाअखेरीस आहे, त्याआधी संख्याशास्त्रवाल्या मॅडमना दाखव. गोळा केलेला डेटा घेऊन नंतर गेलास, तर त्या ओरडतील आणि मी त्यांच्याच बाजूने बोलेन.

तुझा,
सर