विंडोज १० चा लॅपटॉप, होमस्टे आणि बँक: क्रोम, फायरफॉक्स, एज की सफारी?

तुम्ही लिहिलंय की पेडण्यात दोन खोल्यांचा होमस्टे आहे, बुकिंग आणि बँक दोन्ही एकाच विंडोज १० च्या लॅपटॉपवर चालतं, तर कुठला ब्राउझर सुरक्षित? मुंबईचा भाचा म्हणतो मॅक घ्या, नाहीतर निदान सफारी, म्हणजे ॲपलचा ब्राउझर, तरी टाका. मुलगा म्हणतो विंडोज काढून लिनक्स ही फुकट सिस्टम टाकली की व्हायरसची कटकट कायमची संपली. माझं म्हापशाला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. हा वाद माझ्या काउंटरवर रोज होतो, शुक्रवारी जरा जास्त, कारण बाजाराला येणारी माणसं भाजीच्या पिशवीतून लॅपटॉपही आणतात.

भाच्याचं आधी उरकतो. विंडोजसाठी सफारी काढणं ॲपलने २०१२ मध्येच थांबवलं, ५.१.७ ही शेवटची आवृत्ती. आज कुठे 'विंडोजसाठी सफारी' उतरवून घ्या असं दिसलं तर ती एक तर तेव्हाची शिळी आहे, नाहीतर सफारीच नाही.

बाकीच्यांत क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावं चार असली तरी आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, एकच, ब्लिंक. एजचं पूर्वी स्वतःचं होतं, जानेवारी २०२० पासून तोही क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायावर, आला. फायरफॉक्सचं गेको वेगळं, सफारीचं वेबकिट वेगळं. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोम उघडा नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच. त्यामुळे 'मी क्रोम सोडून एज घेतला, आता सुरक्षित' असं कोणी म्हणालं की मी नुसता हसतो.

तुमच्या भागात खाजन शेती आहे, खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली, म्हणून तिच्याच भाषेत सांगतो. ऑपरेटिंग सिस्टम (विंडोज, मॅक, लिनक्स) हा बांध, ब्राउझर ही मानस, बांधातलं पाण्याचं दार. बांध कितीही भक्कम असू दे, मानशीची फळी कुजली की खारं पाणी शेतात आलंच. बाहेरचं पाणी रोज थडकतं ते त्या फळीवर. सप्टेंबर २०२३ मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. वेबपी नावाच्या चित्रप्रकारासाठी जो सामायिक कोड वापरतात त्यात भोक सापडलं, आणि चोर ते आधीपासून वापरत होते. तोच कोड क्रोममध्ये, एजमध्ये, फायरफॉक्समध्येही. विंडोज, मॅक, लिनक्स असा भेद राहिलाच नाही. गूगल आणि मोझिलाने एक-दोन दिवसांत दुरुस्ती दिली. ज्यांनी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला ते सुटले. ज्यांनी कोपऱ्यातलं 'अपडेट' महिनाभर तसंच ठेवलं ते उघडे राहिले, मग हातात मॅक असो की आणखी काही.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: या यंत्राला अजून दुरुस्त्या मिळतात का? तुमच्या विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर घरगुती लॅपटॉपला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. ब्राउझर त्यापुढेही चालतील, एज तर विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होणार आहे. म्हणजे फळी नवी, बांध जुना. काही काळ भागेल, पण त्यावर विसंबू नका. विंडोज ७ वाल्यांचं काय झालं ते माझ्यासमोर आहे. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर त्यांचा हात सोडला, आणि तरीही त्यावर बँक उघडणारी माणसं माझ्याकडे येतच होती.

लॅपटॉपात इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ टाका, विषय संपला. नसेल तर मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, काही न पुसता चालवून बघा. प्रिंटर चालतो का, बँकेचं पान नीट उघडतं का, विदेशी पाहुणा आला की २४ तासांत जी माहिती भरावी लागते, ज्याला आपण सगळे सी-फॉर्म म्हणतो, ती भरता येते का, हे आधी बघा आणि मगच कायमचं टाका.

त्याचं अर्धं चुकीचं काय, ते एका गिऱ्हाइकाच्या गोष्टीतून सांगतो. मोरजीच्या बाजूला त्याच्या चार खोल्या. गेल्या मोसमात त्याला ईमेल आली, 'पाहुण्याने तक्रार केली आहे, उत्तर द्या.' दुवा दाबला तर बुकिंगच्या संकेतस्थळासारखंच पान. 'मी रोबोट नाही' वर टिचकी मारली, मग तीन पायऱ्या आल्या: विंडोजचं बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. त्याने दाबलं. त्या पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने चालवली. विंडोज ११ होतं, क्रोम ताजा होता, अँटिव्हायरस चालू होता. दुसऱ्या सकाळी त्याच्याच खात्यातून पाहुण्यांना निरोप गेले की कार्ड पडताळलं नाही, इथे पुन्हा पैसे भरा. दोघांनी भरलेही. याला ब्राउझर काय करणार? मासळीच्या लोभाने मानस कोणी मुद्दाम उघडी ठेवली तर फळीला दोष देऊन उपयोग नाही. मॅकवर याच फसवणुकीत टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला सांगतात, आणि टर्मिनल लिनक्सवरही आहेच. कुठलंही पान तुम्हाला ब्राउझरच्या बाहेर काही चिकटवायला सांगू लागलं की ते बंद करा. खरा कॅप्चा, म्हणजे ती 'रोबोट नाही' ची चाचणी, असं कधीच सांगत नाही.

त्या भानगडीत गेले ते ब्राउझरात साठवलेले पासवर्ड. इथे मात्र तिन्ही सिस्टमचा स्वभाव वेगळा दिसतो. विंडोजवर तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम क्रोमचे पासवर्ड सहज उलगडू शकायचा. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ ने जास्तीचं कुलूप आणलं, तेही आधी कुकीजना (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींना), पासवर्डना पुढे लावायचं ठरवून, पण चोरांनी त्यावरही वाटा शोधल्या. मॅकवर किचेनला, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीला, तुमचा पासवर्ड लागतो, म्हणून तिथले चोर खोटी चौकट दाखवून तोच मागतात आणि माणसं देतात. लिनक्सवर डेस्कटॉपचं कीरिंग, म्हणजे तिथली तशीच तिजोरी, चालू नसेल तर क्रोमियम एका ठरलेल्या शब्दाने पासवर्ड झाकतो, आणि तो शब्द कोडमध्ये उघड लिहिलेला आहे: 'पीनट्स'. शेंगदाणे! हे मुलाला जरूर दाखवा. फायरफॉक्सही मुख्य पासवर्ड न लावता वापरला तर यंत्रावर शिरलेल्याला सगळं मोकळंच. माझं मत स्पष्ट आहे, बँकेचा आणि बुकिंग खात्याचा पासवर्ड ब्राउझरला देऊ नका. तो वेगळ्या पासवर्ड मॅनेजरात ठेवा, आणि बुकिंग खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असं कोपऱ्यात सारखं येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्यातरी पानाला 'सूचना पाठवू द्या' म्हणून तुम्ही परवानगी दिलेली असते. हरमलहून एक योगशिक्षिका याच कारणाने मॅक घेऊन रडवेली होऊन आली होती. सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनची यादी साफ केली, दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

तर तुमच्यासाठी मी असं करीन. बँकेला आणि सी-फॉर्मला फायरफॉक्स, त्यात एकही एक्स्टेन्शन (वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) नाही. ईमेल, बुकिंग आणि बाकी सगळी भटकंती क्रोममध्ये. उलटही चालेल, वेगळेपणा महत्त्वाचा. (जाहिराती अडवायला युब्लॉक ओरिजिन हवा असेल तर या दोघांपैकी तो पूर्ण रूपात आता फायरफॉक्सवरच चालतो, क्रोमवर त्याची हलकी आवृत्ती मिळते. मग त्या हिशेबाने अदलाबदल करा.) बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, तेव्हा तसा शेवट आहे का ते बघा. आणि डाउनलोड्समध्ये पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटो पडून असतील, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक होमस्टेवाल्याच्या लॅपटॉपात असतात, ते काम झालं की पुसा. चोराला तुमच्या खात्यातल्या रकमेइतकेच ते फोटोही हवे असतात. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लॅपटॉप माझ्याकडे नंतर आणा.

एक राहिलं. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर विंडोज ११ किंवा मिंट टाकण्याआधी ती बदला. पेडण्यात पावसाळ्यात वीज कशी असते ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि इन्स्टॉलेशन निम्म्यावर असताना वीज गेली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.