फिल्टर सातशेचाच बसवा, पण पांढऱ्या पाटीचं काय?

प्रश्न: कामशेतजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वय 34, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून डिझेल थार घेतली, हप्ता 27,000. शनिवार-रविवारी पवना धरणाकडे येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरवतो. फेरीचे 2,500 घेतो, महिन्याला 40,000 जमतात. खाणीकडच्या वाटेवर फुफाटा फार. कंपनीचा कागदी एअर फिल्टर 700 रुपयांचा, पण दर चार-पाच हजार किलोमीटरला बदलावा लागतो. ॲक्सेसरीजवाला म्हणतो, 7,000चा धुता येणारा कॉटनचा घ्या, आयुष्यभर चालेल, ॲव्हरेजही दोनने वाढेल. घेऊ का? गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी आहे, पण विमा झीरो डेप असल्यामुळे ती काळजी नाही. शिवाय वर्षाला 60,000 हप्त्याची आयुर्विम्याची गॅरंटीड पॉलिसी आहे, दोन हप्ते भरलेत. दहा वर्षांनी त्यातून नवी गाडी येईल, असं एजंट म्हणाला.

उत्तर: फिल्टरचं आधी उरकू. वर्षाला 12,000 किलोमीटर आणि तीन कागदी फिल्टर धरले तर 2,100 रुपये होतात, पाच वर्षांचे साडेदहा हजार. कॉटनच्या फिल्टरचे 7,000, वर धुण्याचं औषध आणि तेल यांचं किट पाच वर्षांत दोनदा, म्हणजे आणखी 3,000. दहा हजार झाले. पैशांत दोन्ही सारखेच, त्यामुळे निकाल धुळीवर लावायचा. तेल लावलेल्या कॉटनमधून हवा मोकळी जाते, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. तुमच्या वाटेवरची धूळ पिठासारखी बारीक. ती आत गेली की टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात, आणि ते काम लाखाच्या घरात जातं. त्यात कॉटनचा फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून त्याला बेताचं तेल लावायचं असतं. जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. रविवारी रात्री थकून आल्यावर हे सगळं तुम्ही नेटानं कराल, यावर मी पैज लावणार नाही.

ॲव्हरेजचं तर सोडूनच द्या. बाराचं चौदा झालं तर वर्षाला 140 लिटर, म्हणजे बारा-तेरा हजारांचं डिझेल वाचेल. सात हजारांच्या एका भागानं हे होत असतं तर ॲव्हरेजसाठी जीव टाकणाऱ्या कंपन्यांनी तो कारखान्यातच बसवला असता. कागदी फिल्टर घ्या, एक जादा गाडीत ठेवा, ओढ्यात भिजला तर लगेच बदला. सारखा उघडून झटकत बसू नका, उघडताना धूळ आत पडते. फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून बघा. लाल माती आली तर फिल्टर कुठलाही असो, डब्याची सील नीट बसलेली नाही.

आता तुम्ही जे विचारलंच नाही, त्याकडे येतो. झीरो डेपचा अर्थ एवढाच, की अपघातानंतर सुटे भाग बदलताना घसाऱ्यापोटी पैसे कापत नाहीत. गाडी कशासाठी वापरायची, ही अट त्यानं बदलत नाही. पॉलिसीच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ असा मजकूर असतो, तो आज काढून वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर चालत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. संघटित शर्यतीही चालत नाहीत. तुम्ही फेरीमागे 2,500 घेता, म्हणजे भाडंच घेता. त्याला ‘अनुभव’ म्हणा नाहीतर ‘ऑफ-रोड राइड’ म्हणा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याला परवानाही लागतो.

गाडीचं नुकसान झालं तर दावा फेटाळला जाऊ शकतो, तेवढं सोसता येईल. खरा प्रश्न मागे बसलेल्या माणसांचा आहे. पुण्याहून आलेला तीस वर्षांचा पाहुणा धरा. कायम नोकरी, कर वजा जाता वर्षाला 11 लाख, घरी बायको आणि मूल. उतारावर गाडी उलटली आणि तो गेला, तर मोटार अपघातांचं न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017च्या निकालांनी ही पद्धत ठरवून दिली आहे. 11 लाखांत पुढच्या पगारवाढीपोटी निम्मे मिळवले की साडेसोळा. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, राहिले 11. याला वयावरून ठरणाऱ्या गुणकानं गुणायचं, तिसाव्या वर्षी तो 17. पावणेदोन कोटींच्या वर, आणि हा एकाच माणसाचा हिशेब. अशा वेळी विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा न्यायालय तिला ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगू शकतं. मालक तुम्ही. वसुली दुकानातून, घरातून, जमिनीतून. आठ महिन्यांच्या हंगामात तुम्ही तीन लाख वीस हजार गोळा करता, त्यातून डिझेल आणि टायर जातात. एवढ्यासाठी घरदार पणाला लावताय.

म्हणून पैसे घेऊन फेऱ्या मारणं या शनिवारपासून बंद. आगाऊ घेतलेले पैसे परत करा. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत जाऊन तुमची गाडी पिवळ्या पाटीवर, म्हणजे भाड्याच्या वापरासाठी, परवान्यासह करता येते का, ते लेखी विचारा. कर्ज असल्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. विमा महागेल, फिटनेसच्या चकरा सुरू होतील. नव्या विम्यात कच्च्या वाटेवर पाहुणे नेणं बसतं का, हेही कंपनीकडून लेखी घ्या. एजंटनं फोनवर ‘हो हो, चालतं’ म्हटलेलं न्यायाधिकरणात उपयोगाचं नाही. मला दुसरा मार्ग जास्त पटतो: ज्यांच्याकडे स्वतःच्या फोर-बाय-फोर आहेत, त्यांना वाट दाखवण्याचे पैसे घ्या. तुमच्या गाडीत गिऱ्हाईक बसणार नाही. सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे तुमच्या धंद्यात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा तरीही घ्या. जमीन कुणाची आहे तेही बघा, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाड्या घालू नका. कमाई निम्म्यावर येईल. हप्ता दुकानातून निघत नसेल, तर ही गाडी मुळातच तुमच्या ऐपतीबाहेरची होती आणि ती विकण्याचा विचार करावा लागेल.

राहिली गॅरंटीड पॉलिसी. दहा वर्षांत सहा लाख भरून हाती येणाऱ्या रकमेचा परतावा अशा योजनांत साधारण पाच-साडेपाच टक्के पडतो. त्या वेळची थार त्यात येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या मागे घरच्यांना मिळणारा विमा किती आहे हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. अशा पॉलिसीत तो बहुधा हप्त्याच्या दहापट, सहा लाख असतो. बायको, चार वर्षांची मुलगी आणि डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला सहा लाखांचा विमा विकणाऱ्यानं तुमचं भलं पाहिलेलं नाही. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला साधारण पंधरा हजारांत मिळावा. प्रस्तावात डोंगरात गाडी चालवण्याचा धंदा खराखुरा लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलंत तर दाव्याच्या वेळी तेच बायकोच्या अंगावर येईल. आणि ही टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुन्या कंपनीकडे सरेंडर (पॉलिसी मोडून मिळणारे पैसे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवणं), दोन्हींचे आकडे लेखी मागा.